सालीतलं तेल

"मावशी, फळमाशीनं अंडी घातलीत यात. अख्खी गाडी परत न्या," वखारीत लिंबं पारखणारा मोन्सेफ म्हणाला.

ट्युनिशियातल्या या मेंझेल बू झेल्फा गावात चाळीस वर्षं लिंबं पिकवतेय मी आणि हा कालचा पोरगा मला शिकवणार! माशीनं टोचल्याचा डाग होता तिथेच मी लिंबू चिरलं. गर स्वच्छ होता. अंडी सालीतच सुकून गेली होती.

"सालीतल्या तेलानं मारलं त्यांना," मी म्हणाले.

"तेलानं? काहीतरीच!" तो हसत वाकून बघायला लागला.

मी त्याच्या तोंडासमोर साल दाबली. फवारा थेट डोळ्यांत.

"मेलो, मेलो!" तो किंचाळला.

"तू नाही रे मेलास," मी म्हणाले. "अंडी मेली. आता गाडी उतरवून घे."