क्विलबुवांनी जागी केलेली पेटी

रविवारी दुपारी स्लॅकडेन गावच्या बँड क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी इथं पितळी वाद्यांची तालीम चालायची आणि ती ऐकायला वादकांच्या बायकासुद्धा फिरकायच्या नाहीत. आज मात्र लोक वाटाण्यांच्या बशा घेऊन खिडक्यांच्या कठड्यांवर चढले होते, कारण बाहेरून आलेले ऑरेलियन क्विल नावाचे एक बुवा मेलेली पेटी जिवंत करणार होते.

पेटी म्हणजे क्लिफर्ड सटक्लिफच्या गिटारच्या स्पीकरची कॅबिनेट. गावातलं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, पाडलं तेव्हा त्याच्या वडिलांनी तिथले बाक घरी आणले आणि हातानं रंधा मारून ती बनवली होती. गेली काही वर्षं क्लिफर्डची एकच तक्रार होती, की पेटीचा आवाज मंदावलाय. त्याची थोरली बहीण थेल्मा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हा सोहळा पाहत होती. तिनं जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि पाहुण्याच्या मखमली कोटावरूनच तिचं मत खराब झालं होतं.

"हे लाकूड झोपलंय, मंडळी!" क्विलबुवा गरजले. "जन्मभर यानं चॅपलातली प्रवचनं ऐकली. झोपणार नाही तर काय करणार? क्लिफर्ड, वाजवा!"

पेटी जमिनीवर होती. क्लिफर्डनं तारा छेडल्या. आवाज गोधडीखालून आल्यासारखा आला. लोक हळहळले.

मग बुवांनी पेटीत पांढरी लोकर कोंबली. ती म्हणे पौर्णिमेच्या चांदण्यात कातरलेली होती. ज्यांच्या परसदारी मेंढ्या चरतात, त्या स्लॅकडेनकरांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की अंधुक उजेडात कात्री चालवताना मेंढीचा कान कसा काय वाचला. बुवांनी एक चांदीची पट्टी फळीला चिकटवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "आता जमिनीचा ताण तोडायचा. उचला, टेबलावर ठेवा!"

क्लिफर्डनं पुन्हा वाजवलं. आवाज असा लख्ख बाहेर पडला की क्लबाचे अध्यक्ष हॉरेस अक्रॉइड यांनी रुमाल काढला.

"ऐकलंस, थेल्मा?" क्लिफर्ड बहिणीकडं वळला. "मेली होती गं ती! आणि मला वाटत होतं की..."

"पण हा तात्पुरता उतारा," बुवा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पुन्हा झोपेल. कायमचा इलाज हवा असेल तर या फळ्या कापून माझ्या जागृत फळ्या बसवायच्या. मेलेलं लाकूड मी घेऊन जातो." त्यांनी पिशवीतून करवत काढली.

थेल्मा खुर्चीत पुढं सरकली. वडील फळ्या जोडत होते तेव्हा सरसाचं भांडं तिनं धरलं होतं. वडिलांच्या हातची तेवढी एकच वस्तू शिल्लक होती.

"मेलेल्या लाकडाचं काय करता हो? पुरता?" तिनं विचारलं.

"मुक्त करतो, बाईसाहेब."

"कोणाला विकून?"

दोघंतिघं हसले. क्लिफर्ड मात्र भडकला. "गप्प बस ना! गिटारमधलं काय कळतं तुला?"

"काही नाही कळत," थेल्मा उठत म्हणाली. "पण तंबूतलं कळतं. हॉरेस, पंचाचा तंबू काढ बाहेर."

बँडच्या स्पर्धेत पंच आधी कापडाच्या तंबूत जाऊन बसतो. कोण वाजवतंय हे त्याला दिसत नाही, त्यामुळं मेहुण्याचा बँड असो की वैऱ्याचा, निकाल कानांनीच द्यावा लागतो. तंबूबाहेरून दिलेल्या निकालाला स्लॅकडेनमध्ये कुत्रं विचारत नाही. आणि हीच माणसं आज डोळे फाडून ऐकत बसली होती!

"माझी विद्या तंबूत चालत नाही," बुवा घाईघाईनं म्हणाले. "श्रोत्याचं मन पेटीला दिसावं लागतं."

हॉरेसचा रुमाल खिशात गेला. "माझा बाप तंबूत हरलाय, साहेब, आणि मीही हरलोय. तुम्ही कोण लागून गेलात? वाजवा मुकाट्यानं!"

क्लिफर्ड तंबूत बसला. बुवांच्या हाती गिटार आली. थेल्मानं लोकर आणि चांदीसकट पेटी जमिनीवर ठेवायला लावली.

"झोपलीय," तंबूतून आवाज आला. "औषध नाहीये हिच्यात."

लोकांनी हसू दाबलं. थेल्मानं सगळी लोकर उपसली, पट्टी सोलून काढली आणि पेटी टेबलावर चढवली. बुवांनी नाइलाजानं पुन्हा तारा छेडल्या.

"हीच! हीच ती! जागी झाली!"

कापड बाजूला झालं. पौर्णिमेची लोकर थेल्माच्या मांडीवर पाहून क्लिफर्डचा चेहरा उतरला. छप्पर उडेल एवढा हशा झाला.

"स्पीकरमधले बारीक, तीक्ष्ण सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ समोर जातात," थेल्मा म्हणाली. "पेटी जमिनीवर असली की ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, टेबलावर ठेवली की कानांना. बाकी सगळी बडबड. पेटीत बदल करून आवाज बदलतोच. स्पीकर बदला, मागची फळी उघडी ठेवा, फरक पडेल. पण तो तंबूतसुद्धा ऐकू यायला हवा."

हशा चालू असताना करवत, मखमली कोट आणि बुवा मागच्या दारानं गेले. लोकर तेवढी राहिली.

क्लिफर्ड हसत नव्हता. "पण घरी ती माझ्या कानासमोरच असते, थेल्मा. तरी मंद येते."

थेल्मा त्याच्या शेजारी बसली. "तुझ्या स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारून मारून कोरडी होते रे. मी दोनदा येऊन गॅस बंद केलाय."

त्यानं पेटीच्या फळीवरून हात फिरवला. "लाकूड मेलंय म्हटल्यावर किती बरं वाटलं होतं मला," तो म्हणाला. "म्हणजे माझे कान गेलेत असं कोणाला म्हणावं लागणार नव्हतं."

"गेले नाहीत, थकलेत. त्यावर इलाज आहे, आणि त्याला करवत लागत नाही."

पुढच्या आठवड्यात क्लिफर्ड कानाच्या डॉक्टरांकडच्या बंद खोलीत बसला. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. डॉक्टर काय करतायत ते आतून दिसत नव्हतं. तंबूत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला आपलं दुखणं नेमकं कळतं आणि आपल्याला काय ऐकायला आवडेल तेही कळतं. म्हणून त्याला आधी तंबू दाखवा. विद्या खरी असेल तर ती पडद्याआडही टिकेल. आणि खोटी निघाली तर हसून घरी जाऊ नका. ज्या दुखण्यासाठी त्याच्याकडं गेला होतात, ते घेऊन डॉक्टरांकडं जा.