एलदियारच्या पायातला दोरा

शर्यत मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण गावातल्या बायका आता भलतंच सांगत फिरतात. म्हणे, बुरुल म्हातारी पुढे आणि तरणीताठी सून वाटेत बसलेली, म्हणजे म्हातारीनं काहीतरी लबाडी केली असणार. लबाडी केली होती, नाही कशाला म्हणू? पण धावण्यात नाही केली.

खरं सगळं विहीणबाईंपासून सुरू झालं. सादात त्यांचं नाव. राजधानीत, बिश्केकला, चौथ्या मजल्यावर राहतात. सरकारी कचेरीत होत्या. आमच्याकडे सरकारं पडली, राष्ट्राध्यक्ष पळाले, कचेरीच्या दारावरची पाटी कितीदा बदलली, पण सादातबाईंची खुर्ची काही हलली नाही. त्याचा तोरा अजून आहे. माझ्याशी बोलताना त्या रशियन शब्द पेरतात आणि मग मला कळला नसेल म्हणून तोच शब्द किरगिझमध्ये पुन्हा सांगतात. असं अंगावर येतं ना, काय सांगू.

माझा मुलगा कुबात आणि त्यांची मुलगी जिपार, दोघं मॉस्कोत. तो स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवणं पोचवतो, ती गोदामात खोकी भरते. आमच्या गल्लीत ज्या ज्या घरावर नवीन पत्रा दिसतो, तो मॉस्कोतल्या कुणाच्या तरी घामाचा. डोंगरात सोन्याची खाण आहे, पण तिथलं सोनं आम्ही फक्त टीव्हीवर बघतो. तर ही दोघं गेली आणि चार महिन्यांचं पोर माझ्या ओटीत टाकून गेली. एलदियार. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही आमची रीतच आहे. बाहेर शेणाच्या गोवऱ्या गोठल्या, धरणात पाणी नाही म्हणून दिवे गेले, तरी मी त्याला पोटाशी धरून हिवाळा काढला. मला तो आपा म्हणतो. आपा म्हणजे आई. म्हणेना का, मी काही शिकवलं नव्हतं. सुधारलंही नाही, ते वेगळं.

उन्हाळ्यात तो उभा राहायला लागला आणि जिपार पंधरा दिवसांच्या रजेवर आली. सोबत विहीणबाई. गाडीतून उतरताच त्यांनी पोराचे गाल चाचपले आणि म्हणाल्या, "गाल किती उललेत हो याचे. माझ्याकडे वाफेची नळी आहे, खोली कशी उबदार असते. बालवाडी खालच्याच चौकात. आता याला मीच नेते."

"पहिलं पोर बापाच्या घरात वाढतं, विहीणबाई," मी म्हटलं.

"ते दिवस गेले," त्या म्हणाल्या. "आता पोर जिथे डॉक्टर आहे तिथे वाढतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जिपारकडे बघितलं. ती खाली बघून चहा ओतत होती.

"तू काय ते बोल ना," मी म्हटलं.

"सण होऊ दे, आई. मग सांगते. माझं आणि कुबातचं बोलणं झालंय."

म्हणजे निर्णय झालेला होता आणि मला कुणी सांगत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला.

सण म्हणजे दोरा कापण्याचा. पोर चालायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात. माझ्या सासरच्या घराण्यात तो बायकाच कापतात. लांब एका रेघेवर उभ्या राहतात, धावत येतात, पहिली पोचेल तिनं सुरी घ्यायची, दोरा कापायचा आणि पोराला हाताला धरून चालवायचं. जी कापेल तिच्या वळणावर पोर जातं. कुबातचा दोरा माझ्या धाकट्या नणंदेनं कापला होता. ती लग्न करून पार कझाखस्तानात गेली, आणि हा बघा, मॉस्कोत. मानायचं तर माना.

विहीणबाई म्हणाल्या, "मीही धावणार हं. मी रोज सकाळी बागेत चालते." आणि पांढरे शुभ्र धावायचे बूट काढून दाखवले. मुद्दाम आणले होते.

ते बूट माझ्या डोळ्यात खुपले. बाई सडपातळ, माझे गुडघे कुरकुरतात. त्या पहिल्या आल्या, तर पोर बिश्केकला गेलंच म्हणून समजा. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

"सण गावात नको," मी नवऱ्याला सांगितलं. "वर कुरणात करू. गवत मऊ आहे, पोर पडलं तरी लागणार नाही. घोडीच्या दुधाचं ताजं कुमिसही मिळेल."

साम्साकनं माझ्याकडे नीट बघितलं. माझा नवरा थोडं बोलतो, पण सगळं ओळखतो. "वरच्या कुरणात हवा विरळ, शहरातल्या माणसाला जिना चढल्यासारखं होतं, बुरुल. नुसतं उभं राहून."

"मग नको धावू देत त्यांना. मी जबरदस्ती केलीय का?"

"पोरीलाही होईल. ती वर्षभर खाली राहून आलीय."

"तिचं कशाला? ती कुठे धावतेय," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. आल्यापासून ती पोराशी परक्यासारखी वागत होती. तिनं हात पसरले, तर तो तिच्या खिशातल्या फोनकडे बघायचा, कारण त्याची आई आजवर त्यातच दिसायची. तिसऱ्या दिवशी मात्र तो तिच्या हातून बोरसोक खायला लागला. मी पीठ मळून तळलेलं, आणि तिच्या हातून. मी चुलीपाशी उभी राहून ते बघत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. स्वतःच्या सुनेचा, पोराच्या आईचा हेवा करते म्हणजे काय बाई आहे मी, असंही वाटलं. पण दुखायचं थांबलं नाही.

तर आम्ही वर गेलो. दोन मेंढ्या कापल्या, लोकरी तंबू उभारला, आजूबाजूच्या तंबूंतली माणसं घोड्यावरून आली. गावप्रमुखही आला. निवडणूक जवळ आली की तो बारशालाही येतो. विहीणबाई गाडीतून उतरल्या त्या दाराला धरूनच. ओठ निळसर पडले होते. "हवा छान आहे," म्हणाल्या, आणि धापा टाकत राहिल्या. मी त्यांना बसायला मऊ गादी दिली. इतकी मऊ की उठायला जड जावं.

एलदियारला गालिच्यावर उभं केलं, साम्साकनं त्याच्या पायांत दोरा बांधला. आम्ही बायका ओढ्याच्या पलीकडे रेघेवर उभ्या राहिलो. विहीणबाई त्यांचे पांढरे बूट घालून आल्याच. आणि त्यांच्या पलीकडे येऊन उभी राहिली जिपार. अनवाणी.

"तू पण?" मी विचारलं.

"मी त्याची आई आहे ना," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

म्हणजे ही आपल्या आईसाठी धावणार. दोघींतली कुणीही पहिली आली तरी पोर बिश्केकचंच.

गावप्रमुखानं टोपी उडवली आणि आम्ही सुटलो. विहीणबाई दहा-बारा पावलांत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पण जिपार वाऱ्यासारखी गेली. माझ्या पुढे. तिची वेणी माझ्या समोर उडत होती आणि मी मनात म्हणत होते, लागू दे हिला दम, पडू दे हिला, देवा. म्हटलं मी असं. डोक्यावरचा रुमाल उडाला, मी मागे बघितलं नाही. गुडघ्यात कळ आली, मी थांबले नाही. ओढा ओलांडल्यावर तिचा वेग तुटला. ती वाकली, छाती धरली, आणि गवतात बसली. मी तिच्या बाजूनं गेले. तिनं हात वर केला होता. कशासाठी ते मी बघितलंच नाही.

सुरी घेतली, दोरा कापला. एलदियार मला बघून हसला, "आपा" म्हणाला आणि माझं बोट धरून चालला. लोक टाळ्या वाजवत होते. बक्षीस म्हणून मला माझ्याच पैशानं आणलेली शाल मिळाली.

जिपारला दोन बायकांनी धरून आणलं. एलदियारला कडेवर घेऊन मी तिला कुमिसचा वाडगा दिला. ती प्यायली नाही.

"हं, झाला सण," मी म्हटलं. गुर्मीतच होते मी. "आता सांग. कुणाकडे ठेवणार त्याला?"

"तुमच्याकडे," ती म्हणाली. "तसंच ठरलं होतं. अजून दोन वर्षं तुमच्याकडे. मी माझ्या आईला गाडीत बसायच्या आधीच सांगितलं होतं, एलदियारला बुरुल-आईची सवय आहे, त्याला हलवायचं नाही. ती ऐकत नाही, ती बोलत राहते, ते सोडा."

"मग आधी का नाही बोललीस?"

"दोरा कापून सांगणार होते. मला वाटलं, मी इथे नसते, निदान एवढं तरी माझ्या हातून व्हावं. मग निवांत जाईन." तिनं गवत उपटलं. "पण मी तिथे बसले होते ना, श्वास येत नव्हता, आणि बघत होते. माझ्या पोराच्या पायातला दोरा दुसरं कुणीतरी कापतंय, तो दुसऱ्या कुणाला आई म्हणतोय. आई, मला तुमचा इतका राग आला. जवळ दगड असता तर मारला असता मी तुम्हाला."

तो राग मला ओळखीचा होता.

"मी त्याला घेऊन जाते," ती म्हणाली. "मॉस्कोला. माझ्याबरोबर."

"एका खोलीत सहा माणसं राहता तुम्ही. कामावर जाशील तेव्हा कोण बघेल त्याला?"

"माहीत नाही."

"थंडी, पोलीस, रोज कागद तपासतात म्हणतेस. अगं, थोडा विचार कर."

"वर्षभर विचारच केला," ती म्हणाली. "तुम्ही केलात का विचार? तुम्ही धावलात."

विहीणबाई तिकडून काहीतरी सांगत होत्या, बालवाडी, वाफेची नळी. आमच्यापैकी कुणी ऐकत नव्हतं. जिपार उठली आणि माझ्या कडेवरून तिनं एलदियारला उचललं. तो किंचाळला, दोन्ही हात माझ्याकडे करून रडायला लागला. तिचा चेहरा पांढरा पडला, पण तिनं त्याला आणखी घट्ट धरलं. मी हात पुढे केले. तिनं दिला नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही दिला नसता.