म्हसोबाच्या नावचा कोंबडा

शालिग्रामभाऊंच्या तांबड्या कोंबड्याला मरण येत नाही, असं आमच्या इंझोरीत सगळेच म्हणतात. मी शेजारीण. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे त्याची सगळी मरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आधी मुंगसाने त्याची मान धरली. कातडी पाठीपर्यंत सोलली, आतली नळी दिसत होती. आमच्या घरी असता तर संध्याकाळी रश्श्यात गेला असता. आम्ही बौद्ध, आमच्यात नवस नाही, त्यामुळे कोंबडा खायला कारणही लागत नाही. पण भाऊंच्या बायकोने, गोजरावहिनींनी, कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, हळद-तेल भरलं आणि त्याला टोपलीखाली झाकलं. पोळ्यापर्यंत पठ्ठ्या भिंतीवर चढून मलाच बांग द्यायला लागला. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने, विकासने, त्याच्यावर मोटारसायकल घातली. विकासचा हात आणि कोंबड्याचा पाय एकाच दिवशी मोडला. वहिनींनी तुरीच्या काड्या बांधल्या. कोंबडा आधी बरा झाला.

खरी गोम पुढेच आहे. या सगळ्याच्या आधी भाऊ घराच्या टिनाच्या छपरावरून पडले होते. खुबा मोडला. अंगणात पडल्या पडल्या त्यांना समोर हाच कोंबडा दिसला आणि त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "म्हसोबा, मले पायावर उभा कर, हाच तांबडा तुले देतो!" अहो, नवस बोलताना माणसाने नुसतं 'एक कोंबडा' म्हणावं. बोट दाखवायचं नसतं. भाऊ उभे राहिले, जरासे लंगडतात एवढंच. आषाढातल्या मंगळवारी नवस फेडायचा आणि म्हसोबाला कोंबडा लागतो साबूत. जखमी, लुळा चालत नाही. दर आषाढात हा नेमका टोपलीखाली.

म्हणजे बघा, बाकीच्या कोंबड्यांना जखम मारते; याला बरं होणं मारणार होतं. आणि वहिनी आपल्याच हाताने त्याला बरं करत होत्या.

यंदा आषाढ आला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. सोमवारी भाऊ कोयत्याला धार लावत बसले. मी भिंतीवरून म्हटलं, "भाऊ, दुसरा द्या न. म्हसोबा काय आधार कार्ड पाह्यते?"

"सुकेशनी, तुले नाई समजत. बोट याच्याकडं दाखोलं मी. थंडीत पाय ठणकते न, थे म्हसोबाच आठवण देऊन राह्यला."

"भाऊ, थे हाड हाय."

भाऊंनी धार लावणं थांबवलं नाही. चेष्टा माझी, पण त्यांची भीती खरी होती. शब्द मोडला तर पाय जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. खुराड्याच्या आड वहिनी बसल्या होत्या. मांडीत कोंबडा, हातात कात्री. त्यांनी त्याच्या तुऱ्याचं टोक कापलं आणि रडत रडत त्यालाच रागावल्या, "चूप बस मेल्या, तुयासाठीच करून राह्यली!" एरवी मी हसले असते. तेव्हा मी ओल्या कपड्याआड सरकले.

भाऊ आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले. तुऱ्यावर रक्त.

"काय झालं व याले?"

"मुंगूस आलतं," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या पदराखालून कात्री खाली पडली.

"आता मुंगूस कात्री घेऊन फिरते काय?"

भाऊंचा पारा चढला. "देवाले शब्द देला म्या! उद्या माहा पाय गेला तं?"

वहिनी कोंबडा घेऊनच उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "तुमी पडले तवा मीबी म्हसोबाले बोलली होती. जसा असन तसा दे, मनलं. लंगडा दे, खाटेवरचा दे, पन दे. त्यानं मले साबूत नाई देला. मी काई बोलली काय त्याले? मंग आता त्यानं काहून बोलावं?"

भाऊ खुब्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. वहिनीही म्हसोबाला बोलल्या होत्या, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. माझ्या हातातला कपडा चिखलात पडला तरी मी हलले नाही. मग भाऊंनी कोयता टिनाखाली खोचला आणि भिंतीतल्या देवळीतला नारळ काढून ओट्यावर ठेवला.

"हा नारळच नेतो त्याले," ते म्हणाले. "हळद कुठं हाय व?"

वहिनींनी बोटाने दाखवलं. भाऊंनी चिमूटभर हळद घेतली आणि तुऱ्याला लावायला वाकले. कोंबड्याने मान तिरपी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि कचकन टोचलं. नवसाला दाखवलेलं, नेमकं तेच बोट.