जरा वाकून वाचा

मित्रांनो, मी आहे एक जुनी ब्युरेट. असा प्रश्नार्थक चेहरा करू नका. लांबलचक काचेची नळी, अंगावर बारीक रेघा आणि खाली एक तोटी, एवढाच माझा संसार. एका कारागिराने डोळ्यांत तेल घालून माझी एकेक रेघ कोरली होती.

आंबवलेलं औषधी पेय करणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. आजारातून उठलेल्या, पोट नाजूक झालेल्या माणसांसाठी ते पेय होतं. कमी आंबलं तर गुण येत नसे, जास्त आंबलं तर पोटात आग पडे. तो आंबटपणा मोजायचं काम माझं. माझ्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण भरायचं आणि खाली ठेवलेल्या, रंग बदलणारं दर्शक घातलेल्या पेयाच्या नमुन्यात थेंब थेंब सोडायचं. नमुना गुलाबी झाला की तोटी बंद! आंबटपणा जितका जास्त, तितकं द्रावण जास्त लागे. ते किती लागलं, हे माझ्या रेघा सांगत. तेव्हा माझा काय रुबाब होता!

मग आपोआप आकडे दाखवणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली, तीही न धुता. द्रावण सुकून माझी तोटी गच्च बसली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस यंत्र बिघडलं. तिथल्या रसायनतज्ज्ञांना, म्हणजे ताडमाड उंच साहेबांना, माझी आठवण झाली. त्यांनी मला कोमट पाण्यात भिजवलं, तोटी मोकळी केली आणि स्टँडला लावलं. कारखान्यात पेय आंबवणाऱ्या बरणीकाकूंच्या बारा बरण्यांचा निकाल द्यायचा होता. काकूंनी नऊ दिवस त्या बरण्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं होतं.

नमुना गुलाबी झाला. साहेबांनी उभ्या उभ्याच माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं.

"सतरा पूर्णांक तीन. निदान साडेसतरा हवेत. अजून एक दिवस ठेवा, काकू."

"अहो साहेब, उद्या ते तोंडात धरवणार नाही! सगळं ओतून द्यावं लागेल. चाखून बघा, झालंय ते."

"तुमच्या जिभेवर विसंबून मी सही कशी करू?"

काकू तरातरा माझ्यापाशी आल्या. उंची बेताची, त्यामुळे त्यांचे डोळे बरोबर माझ्या रेघेसमोर आले.

"हे काय हो? साडेसतरालाच तर टेकलंय!"

"मग मी काय आंधळा आहे?"

"आंधळे नाही, उंच आहात. जरा खाली या."

माझा जीव टांगणीला लागला. साहेब हट्टाला पेटले असते, तर बाराच्या बारा बरण्या दुसऱ्या दिवशी मोरीत गेल्या असत्या. पण साहेब कुरकुरत का होईना, वाकले. गुडघे कटकन वाजले. द्रावणाची कड साडेसतराच्या रेघेवर नीट बसली होती. वरून पाहिल्यामुळे त्यांना ती दोन रेघा वर दिसली होती, आणि माझे आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून आकडा कमी आला होता.

"हे तर मी शाळेत शिकलो होतो हो, काकू," ते ओशाळून म्हणाले. जुना आकडा खोडून त्यांनी नवा लिहिला आणि सही केली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच बाटल्या भरायला धावल्या.

मित्रांनो, आम्हा उपकरणांना काम झाल्यावर धुऊन ठेवत जा. आणि आकडा वाचताना कंटाळा न करता तेवढं वाका. तुम्हाला ती नुसती एक रेघ वाटते, पण कुणीतरी अशक्त माणूस तुमच्या त्या आकड्यावर विश्वास ठेवून पेला तोंडाला लावणार असतो.