अर्ध्या निकालाची सकाळ

"लेक माझी गं थोरली, नाही कुणाच्या बांधणीला,
हाक मारता धावते माझ्या घराच्या राखणीला."

आई कपड्यांच्या घड्या घालताना हे म्हणायची. स्वतःच जुळवलेलं, स्वतःच्याच चालीवर. तेव्हा थोरलीला ते कौतुक वाटे. आई जाऊन वर्षं लोटली. पण खांदे भरून आले की तो आवाज अजून कानाशी येई, आणि आता त्यात कौतुकापेक्षा हुकूमच जास्त ऐकू येई.

आज सकाळपासूनच खांदे भरून आले होते. थोरली आणि बारकी बहिणी नव्हेत; दोघींचं मिळून वेताच्या खुर्च्या विणायचं दुकान. मागे राहायच्या दोन खोल्या. बारकी नावालाच बारकी. ती दारात उभी राहिली की गिऱ्हाइकाला आत यायला वाट मागावी लागे. खुर्ची आडवी करून दोघी बैठकीच्या दोन अंगांना बसत. ही भोकातून ओला वेत पलीकडे सारी, ती ओढून ताणी नि शेजारच्या भोकातून परत धाडी. एकीने हात सोडला की वेत सैल पडतो, तसाच वाळला की बैठकीला झोल येतो. म्हणून घेतलेली ओळ संपवल्याशिवाय उठायचं नाही.

रेडिओवर बातमी लागून गेली होती. दोन बायकांना, दोन पुरुषांना लग्न करू न देणं हा अन्याय आहे असं कोर्टाने म्हटलं होतं, आणि कायदा करायला सरकारला मुदत दिली होती.

"म्हणजे झालं?" थोरलीने विचारलं.

"अर्धं झालं. सरकार वरच्या कोर्टात जाईल म्हणतात."

"मागच्या वेळीही अर्धंच झालं होतं."

"मागच्या वेळी पाव होतं," बारकी म्हणाली. "या चालीने आपण कवळ्या लावून सह्या करू." मग वेत ओढता ओढता, हळूच, "झालाच कायदा, तर करशील माझ्याशी?"

थोरलीने पुढची पट्टी पाण्यातून काढून निथळली. "आधी होऊ तर दे."

नाही म्हणायचं नव्हतं तिला. पण आशेलाही वजन असतं. दोनदा उचलून दोनदा खाली ठेवलेलं, तिसऱ्यांदा उचलवत नव्हतं. पलीकडून नुसता वेत परत आला.

तेवढ्यात थोरलीचा धाकटा भाऊ आला. स्टूल ओढून बसला. आडव्या खुर्चीच्या पलीकडे बघत "बऱ्या आहात ना?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बहिणीकडे वळला.

"बाबा परत पडले, ताई. न्हाणीघरात. हाड वाचलं, पण आता एकटं ठेवता येत नाही. हिची नोकरी, माझी रात्रपाळी, पोरींच्या परीक्षा."

"मग?"

"मग काय, तू ये. कायमचीच ये. तुझी खोली आहे तशीच आहे. नुसतं इस्त्रीचं टेबल टाकलंय तिथे, आणि पोरींची सायकल. काढू ते."

"आणि दुकान?"

"ह्या बघतील की. आईच्या वेळी नाही का बघितलं?"

आईच्या आजारपणात थोरली दोन हिवाळे तिकडे राहिली होती. इकडे बारकीने गुडघ्यांत खुर्ची धरून एकटीने विणलं. खुर्च्या झोल पडून परत आल्या, तिने उसवून पुन्हा विणल्या, आणि फोनवर दर वेळी सांगितलं, सगळं झकास चाललंय.

"पेपर वाचलास आजचा?" भावाने उगाच विषय बदलला. "कोर्टाला दुसरी कामं नाहीत. असो, ज्याचं त्याला." तो डोळे चोळत राहिला. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. तोही थकला होता, आणि तेच थोरलीला जड जात होतं. "माझ्यामागे संसार आहे गं, नाहीतर मीच केलं असतं. तुझ्यामागे काय आहे?"

थोरलीने वेत पलीकडे सारला. तो कुणी ओढला नाही. विणीच्या चौकटींतून बारकीचा हात दिसला, मांडीवर तसाच पडलेला.

"रविवारी न्यायला येऊ?" भावाने विचारलं.

"नको." ती भावाकडे वळली. "बाबांना इथे आण. एक खोली त्यांना देऊ. आम्ही दोघी बघू."

"त्यांना कशाला त्रास? त्या काय आपल्या..."

"माझी बायको आहे ती," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं तुला सांगितलं नाही, आणि मघाशी तिने विचारलं तर तिलाही धड उत्तर दिलं नाही. कायदा झाला की मी तिच्याशी लग्न करणार आहे. लांबला, तरी तिला सोडून कुठे येणार नाही."