अकरावा रोजा

नासीर विणकराला अक्कल नव्हती असं नाही. पण बायकोचा जीव टांगणीला लागला की भल्याभल्यांची मती गुंग होते. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी अनवरीच्या हृदयाची आकसलेली झडप बोट घालून मोकळी केली, तेव्हा बाहेर बाकावर बसून ह्या शहाण्यानं मन्नत मागितली, "या अल्लाह, माझं आयुष्य घे, तिला दे. आम्ही दोघं रमजानचे तीसही रोजे ठेवू." आणि धुळ्याला घरी आल्यावर हे तिला सांगूनही टाकलं!

झडप मोकळी झाली, पण ठोके बिघडले. नाडी कधी धावायची, कधी अडखळायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दिवसातून चार वेळा, एकही चुकवायची नाही. रमजान लागला तशी अनवरी दिवसाच्या दोन गोळ्या गुपचूप डबीतच ठेवू लागली.

अकराव्या रोज्याला, भर दुपारी, ती चुलीपाशी कोसळली. नासीर माग सोडून धावला. मनगट धरलं तर नाडी सैरावैरा, ओठ निळे. त्यानं डबी उघडली, तर दहा दिवसांच्या दुपारच्या गोळ्या तशाच साठलेल्या.

"अगं बाई, गोळी घे!"

तिनं तोंड घट्ट मिटलं.

"आजाऱ्याला रोजा माफ शे, पोरी," सासू नूरबी रडत म्हणाली.

"मला माफ आहे, अम्मा. पण ह्यांनी आपलं आयुष्य लावलंय. मन्नत मोडली तर ह्यांचं काय?"

नासीरला वाटलं, आपली जीभच हासडून टाकावी. जन्मात त्यानं एक रोजा चुकवला नव्हता. त्यानं माठात पेला बुडवला आणि आईच्या देखत घटाघटा पाणी प्यायला.

"मोडली! मी मोडली मन्नत. गुनाह माझ्या डोक्यावर. बघ, मेलो का? आता तरी घे, पाया पडतो तुझ्या!"

अनवरीनं हात पुढे केला. गोळीसाठी असेल म्हणून त्यानं गोळी धरली, तर तिनं त्याचं मनगट पकडलं, नर्सनं शिकवलं होतं तसं, आणि डोळे मिटून मोजू लागली. तो नुसता "लवकर, लवकर" करत होता. मनासारखं मोजून झाल्यावरच तिनं तोंड उघडलं.

गोळी कशीबशी घशाखाली गेली.

"तुमची बरोबर चाललीय," ती म्हणाली.

नासीरनं घाईघाईनं तिची नाडी चाचपली. एक ठोका. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन, एकावर एक.

"अम्मा, टांगा बोलव!" तो ओरडला. त्याच्या मनगटावरची तिची बोटं सैल पडत होती.