आधीच बदललेला फिल्टर

बाळ्या बावन्न वर्षांचा होता, त्याला दोन नाती होत्या आणि स्वतःचा ट्रक होता. तरी थोरल्या बहिणीच्या तोंडी तो बाळ्याच राहिला. या माणसाने आयुष्यात कुठलंही काम वेळेवर म्हणून केलं नाही. वेळेच्या आधी केलं. स्वतःच्या लग्नाला तो हॉलवर इतक्या लवकर पोचला, की खुर्च्या मांडणाऱ्यांनी त्यालाही हाताशी घेतलं. याचा त्याला भारी अभिमान होता. बायकोला नव्हता, पण तिला विचारतो कोण.

ट्रक बावीस वर्षांचा. बायको त्याला सवत म्हणायची, कारण रविवारी सकाळी नवरा तिच्याआधी त्याची विचारपूस करायचा. इंजिन ठणठणीत होतं. खोड एकच, चालू करताना आणि चढावर तो असा काळा धूर सोडायचा की मागचा स्कूटरवाला शिव्या घालून गल्ली बदलायचा. बाळ्याला त्याचं काही वाटत नसे. म्हातारपणी माणूस खोकतो, तसा ट्रकही खोकणारच, असं त्याचं म्हणणं.

पण तेरा वर्षं त्याच्याकडे एकच काम होतं आणि ते नेमकं पांढऱ्या कपड्यांचं होतं. लाँड्रीतून धुतलेल्या चादरी इस्पितळात पोचवायच्या, मळलेल्या परत आणायच्या. एका सकाळी लाँड्रीवाल्या बाईंनी एक उशीचा अभ्रा टेबलावर पसरला. त्यावर मोहरीएवढे काळे ठिपके होते. बाई आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. महिनाअखेरपर्यंत धूर थांबला नाही तर दुसरी गाडी बघणार, एवढंच त्या म्हणाल्या आणि अभ्रा पुन्हा धुवायला टाकला. हे काम गेलं तर ट्रक भंगारात जाणार, आणि ट्रक भंगारात गेला की आपण दिवसभर घरात बसून बायकोच्या पायात पायात करणार, हे बाळ्याला लख्ख दिसलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. प्राध्यापक येत-जात राहिले, ताई तीस वर्षं तिथेच. मागच्या खोलीत ती कँटीनच्या तळणीच्या उरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायची आणि कॉलेजचा जनरेटर गेली दोन वर्षं त्यावर चालत होता. बाळ्याने या उद्योगाची आजवर यथेच्छ टिंगल केली होती. तुझा जनरेटर सुरू झाला की पोरांना भूक लागत असेल, वगैरे. आता तो त्याच खोलीत स्टुलावर अंग चोरून बसला होता. तिने तेल गाळून, त्यात औषध घालून, तळाशी बसलेला चिकट गाळ काढून, पाण्याने तीनदा धुतलेलं इंधन बाटलीत भरून त्याच्यापुढे धरलं. बाटलीपलीकडचं भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ वाचता येत होतं.

मग तिने सूचना सांगितल्या. जुन्या रबरी नळ्या या तेलाने फुगतात, त्या आधी बदल. पहिल्यांदा निम्मं डिझेल, निम्मं हे. आणि दोनेकशे किलोमीटर झाले की डिझेलचा फिल्टर बदल, कारण हे तेल टाकीत वर्षानुवर्षं साचलेली घाण धुऊन काढतं आणि ती सगळी फिल्टरमध्ये येऊन बसते. बाळ्या मान हलवत होता. ताई बोलायला लागली की अर्ध्या वाक्यावर मान हलवायची, ही त्याची लहानपणापासूनची पद्धत होती. फिल्टर बदल, इथपर्यंत ऐकून त्याची मान हलली होती. पुढचं कारण हवेत विरलं.

त्याने नळ्या बदलल्या. फिल्टरही बदलला, पण नवं तेल भरायच्या आदल्या दिवशीच. दोनशे किलोमीटरनंतर करायचं काम आपण आजच उरकलं म्हणून तो स्वतःवर इतका खूश झाला, की बायकोला अंगणात बोलावून कोरा करकरीत फिल्टर दाखवला. तिने छान आहे म्हटलं आणि ती आत गेली.

पहिले तीन दिवस मजेचे गेले. ट्रक सुरू केला तर मागे नुसती राखाडी वाफ. इंजिनाचा खडखडाट कमी झाला. लाँड्रीच्या अंगणात तळलेल्या बटाट्यांचा मंद वास दरवळला आणि इस्त्रीवाला गंभीर चेहऱ्याने मीठ घेऊन आला. लाँड्रीवाल्या बाईंनी स्वतः सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला, उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून ठेवला. बाळ्या शीळ वाजवत घरी गेला.

चौथ्या दिवशी सकाळी, दोनशे किलोमीटर उलटून गेल्यावर, इस्पितळाच्या अलीकडच्या चढावर ट्रकने दोन आचके दिले आणि तो बंद पडला. मागे चारशे चादरी होत्या, त्यांतल्या साठ ऑपरेशनच्या. बाळ्याने किल्ली फिरवून पाहिली, बॉनेट उघडून पाहिलं. तेरा वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता. लाँड्रीत फोन केला तेव्हा बाई फक्त येते म्हणाल्या. मग ताईला फोन लावून त्याने तोंडाला येईल ते ऐकवलं. तुझ्या तळणीच्या तेलाने माझ्या गाडीचा घात केला, इथवर तो गेला. ताईने जागा विचारून फोन ठेवला.

वीस मिनिटांत ती स्कूटरवरून आली. पिशवीत दोन फिल्टर, पाना आणि जुनं वर्तमानपत्र होतं.

"फिल्टर बदललास?" तिने विचारलं.

"बदलला की. तेल भरायच्या आधीच."

ताईने पदर खोचला. मग तिने फिल्टर काढायला लावला आणि वर्तमानपत्रावर उपडा केला. आतून काजळासारखा काळा, दाट चिखल ओघळला. बाळ्याने तो बोटाने चाचपून पाहिला. बावीस वर्षांत एकदाही न धुतलेल्या टाकीतला तो गाळ होता. दोनशे किलोमीटरनंतर का, ते त्याला आत्ता समजलं. घाण सुटायच्या आधी बसवलेल्या फिल्टरने ती सगळी गिळली होती आणि त्याचा गळा बंद झाला होता. ताईने पिशवीतून नवा फिल्टर काढून त्याच्या हातात ठेवला.

नवा फिल्टर बसला. बाळ्याने इंजिनावरचा हातपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली, आणि तेवढ्यात लाँड्रीवाल्या बाई रिक्षातून उतरल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, चिखलाने माखलेला कागद पाहिला, ताईकडे पाहिलं.

"हे नवं तेल नडलं का?" त्यांनी विचारलं.

बाळ्याच्या जिभेवर हो आलं होतं. एक हो म्हटलं की सगळं तेलावर जाणार होतं. तेरा वर्षांचं नाव वाचलं असतं, कामही बहुतेक वाचलं असतं. शेजारी ताई पाना पुसत उभी होती. ती मध्ये पडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती कधीच पडत नसे.

"नाही," तो म्हणाला. "तेल चांगलं आहे. हिने मला सगळं नीट सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. लहानपणापासून ऐकत नाही मी हिचं."

काम गेलं, असं त्याने मनात धरलं.

बाईंनी मागचं दार उघडून वरची चादर उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली. "तेलाची चूक असती तर मी आजच दुसरी गाडी लावली असती," त्या म्हणाल्या. "तेलाला समजावता येत नाही, तुला येईल. चल, ऑपरेशनवाले थांबलेत."

बाळ्याने किल्ली फिरवली. ट्रक सुरू झाला. ताई स्कूटरकडे वळली, तशी तिने चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.